मानवी तस्करीविरोधात आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर स्वयंसेवक व्हायचंय. सुटकेच्या धाडीत जाता येईल का?

विचारणाऱ्याने पुढे लिहिलंय, ‘नोकरी सांभाळून करायचं आहे. खास कौशल्य काही नाही, फक्त तीन भाषा येतात.’ त्या ‘फक्त’साठी हे उत्तर लिहितेय.

धाडीचं आधी सांगते. जाता येणार नाही, आणि जी संस्था नेईन म्हणेल तिच्यापासून लांब राहा. धाड हे पोलिसांचं किंवा कामगार तपासणी यंत्रणेचं काम आहे. इंटरपोलसुद्धा स्वतः कुणाला अटक करत नाही, सदस्य देशांच्या पोलिसांना माहिती पुरवतं. हौशी माणूस आत शिरला की हिशेबाच्या वहीला, फोनला, दाराच्या कुलपाला नको ते हात लागतात आणि पुरावा कच्चा पडतो. आधी कुणकुण लागली, तर आतल्या माणसांना रातोरात दुसरीकडे हलवतात.

खरी गरज त्यानंतर लागते. सुटून आलेली बाई एका खोलीत बसलेली असते, तिची भाषा तिथल्या कुणालाच येत नाही, आणि तिच्या सांगण्यावर सगळं प्रकरण उभं राहायचं असतं. तिथे दुभाषा लागतो, आणि तुमच्या तीन भाषा तिथेच कामी येतात.

2000 सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी तस्करीविरोधी कराराने, तस्करीच्या व्याख्येचे तीन भाग केलेत: कृती, मार्ग (त्यासाठी वापरलेली फसवणूक, धाक, जबरदस्ती) आणि हेतू (शोषणाचा). कृती म्हणजे भरती करणं, नेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, ठेवून घेणं, ताब्यात घेणं. सगळी क्रियापदं आहेत, म्हणून दुभाष्याची खरी परीक्षा क्रियापदांवर होते. ‘मी गेले’, ‘मला पाठवलं’ आणि ‘मला नेलं’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. घाईत तिन्हींचं ‘ती तिकडे गेली’ असं झालं, की नेणारा माणूस जबाबातून गळून पडतो. पुढे वकील कितीही चांगला मिळाला तरी त्याला तो सापडत नाही.

तसंच ‘मर्जी’चं. ‘मर्जीने आलात का?’ असं विचारलं तर बहुतेक जणी ‘हो’ म्हणतात. तिकीट हातात घेतलेलं असतं, कागदावर सही केलेली असते, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ते उत्तर खरंच असतं. पण फसवणूक, धाक, जबरदस्ती किंवा कुणाच्या नाडलेपणाचा फायदा यांपैकी काही वापरलं असेल, तर त्या प्रोटोकॉलप्रमाणे संमतीला अर्थ उरत नाही. म्हणून प्रश्न बारीक हवेत. काम कोणतं सांगितलं होतं? पोचल्यावर पासपोर्ट कुणाकडे गेला? बाहेर जायचं तर दार कोण उघडायचं? घरी फोन करताना शेजारी कोण उभं असायचं? प्रश्न विचारणारा अधिकारी वेगळा असतो, दुभाष्याने आपले प्रश्न घुसडायचे नाहीत. पण सुरुवातीच्या बैठकीत ‘या शब्दाने असा घोळ होईल’ हे त्याला जरूर सांगायचं.

‘उचल’ हा शब्दही असाच घात करतो. त्याचं नुसतं ‘कर्ज’ केलं, तर ऐकणाऱ्याला बँकेचं कर्ज वाटतं. 1956 च्या गुलामगिरीविषयक पूरक करारात कर्जवेठीची खूण दिली आहे: केलेल्या कामाचं रास्त मोल कर्जात वळतं होत नाही, किंवा कामाची मुदत आणि स्वरूप ठरलेलं नसतं. तेव्हा ‘कामाच्या बदल्यात आगाऊ दिलेले पैसे’ असं पूर्ण सांगावं लागतं. उचल किती, त्यातून किती वळती झाली, जेवणाखाण्याचे आणि आजारपणातल्या खाड्याचे किती कापले, वही कुणाकडे असायची, हे आकडे ती सांगेल तसेच्या तसे पोचवायचे. बेरीज जुळत नसेल तर आपण जुळवायची नाही.

आता माझा जुना वाद. ‘भाषा येते ना? मग बसवा’ असं म्हणणारे समन्वयक जागोजागी भेटतात. मग तिच्याच गावचा माणूस, सोबत सुटलेली दुसरी मुलगी, कधी चक्क नातेवाईक दुभाषा म्हणून बसवला जातो. हे साफ चूक आहे. भरती करणारा पुष्कळदा ओळखीतलाच असतो, आणि गावची बातमी गावात पोचते. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये तस्करीतून आलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींसाठी दहा नियम प्रसिद्ध केले. त्यातला चौथा दुभाषे आणि सहकारी नीट निवडण्याचा आणि तयार करण्याचा आहे. माणसं मिळत नाहीत ही अडचण मला मान्य आहे, पण मग फोनवरून दूरचा दुभाषा घ्या. चुकीचा माणूस खोलीत बसवण्यापेक्षा ते कधीही बरं.

खोलीत बसायची रीत अशी. तिची खुर्ची दाराजवळ, तिच्या आणि दाराच्या मध्ये कुणी नाही. दुभाषा किंचित बाजूला, म्हणजे ती अधिकाऱ्याकडे बघून बोलू शकते. कितीही लहान दिसली तरी ‘तुम्ही’च म्हणायचं, ‘अगं तू’ने आपुलकी वाटत नाही, मालकाची आठवण येते. आपण कोण, काय विचारणार, कधीही थांबता येईल, आणि जबाब दिला नाही तरी जेवण, औषध, निवारा बंद होणार नाही, हे पहिल्यांदा सांगून घ्यायचं. तिने ‘मी’ म्हटलं की आपणही ‘मी’च म्हणायचं, पुरुष दुभाष्यानेसुद्धा. ‘ती म्हणतेय की’ सुरू झालं की सारांश सुरू होतो. शिव्या आणि शरीराचे शब्द सौम्य करायचे नाहीत. तारखा मागेपुढे झाल्या, आधी एक आणि मग दुसरं सांगितलं, तर इस्त्री करायची नाही. घाबरलेल्या, झोप न झालेल्या माणसाची आठवण तुकड्यांनीच येते. शब्द कळला नाही तर तसं दोन्ही बाजूंना मोठ्याने सांगायचं. मध्येच ‘काळजी करू नका, सगळं नीट होईल’ असं म्हणायचं नाही. ते तुमच्या हातात नसतं आणि ती ते वचन धरून बसते. टिपणाचा कागद उठताना तिथेच जमा करायचा.

अर्जाचं विचारलंत, तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचं मुख्यालय बॉनमध्ये आहे. त्यांच्या संकेतस्थळावर प्रोफाइल भरा, वय किमान 18 हवं. ऑनलाइन काम आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास आणि 12 आठवड्यांपर्यंतचं असतं, म्हणजे नोकरी सांभाळून जमतं; त्याचा मोबदला मिळत नाही. प्रत्यक्ष नेमणुकीला निर्वाहभत्ता असतो, पण ती बहुधा पूर्णवेळ असते. ऑनलाइनमध्ये मुलाखती क्वचितच मिळतील, कागदपत्रांचं भाषांतर जास्त मिळेल. तिथूनच सुरुवात करा. ‘भाषा: तीन’ एवढ्यावर थांबू नका. बोली कोणती, कोणत्या लिपीतलं हस्ताक्षर वाचता येतं, तोंडी किती आणि लेखी किती, हे लिहा. संयुक्त राष्ट्रांची कुठलीही संस्था अर्जासाठी पैसे घेत नाही. कुणी मागितले किंवा पासपोर्ट ‘जमा’ करायला सांगितला, तर तिथेच थांबा.

तयारीसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची वेठबिगारीची 11 लक्षणं घ्या आणि तिन्ही भाषांत बोलीतल्या शब्दांनी लिहून काढा. मग कुणाला तरी तीन मिनिटं आकडे आणि नावं असलेलं बोलायला सांगा, ऐकून सगळं परत बोला आणि रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. आधी आकडे निसटतात, मग क्रियापदं.

राहिलेलं थोडं. 18 वर्षांखालच्या मुलांना वरचं जसंच्या तसं लावू नका. तिथे ‘मार्ग’ सिद्ध करावा लागत नाही आणि मुलाखत फक्त त्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांनीच घ्यायची असते. ‘मी’ म्हणून दिवसभर दुसऱ्याचं सोसणं बोललं की ते अंगात राहतं. त्यामुळे बैठकीनंतर बोलायला संस्थेने माणूस ठेवलाय का, हे होकार देण्याआधी विचारा. आणि आत्ता, या क्षणी कुणी अडकलंय असं कळलं असेल तर अर्ज भरत बसू नका, पोलिसांना किंवा तुमच्या देशाच्या हेल्पलाइनला फोन करा. पत्ता, खुणा, माणसं किती, दारं किती, एवढं सांगा आणि स्वतः तिथे जाऊ नका.