मंत्र्याच्या हातातली चिठ्ठी कोण लिहितं?

विट्याहून एका मुलीचं पत्र आलंय. टीवाय बीए, राज्यशास्त्र. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात 'लेजिस्लेटिव्ह अफेअर्स'चे असिस्टंट सेक्रेटरी असतात असं तिनं कुठंतरी वाचलं आणि विचारतेय, "मॅडम, असं पद आपल्याकडं असतं का? मला तेच व्हायचंय, पण पप्पा म्हणतात आधी तलाठ्याचा फॉर्म भर."

अगं, आधी नावाला भुलू नकोस. असिस्टंट म्हटलं की आपल्याला हाताखालचा माणूस वाटतो, पण ती लय वरची खुर्ची आहे. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट (त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह) मंजूर करते, मग नेमणूक. परीक्षा नाही, फॉर्म नाही, आणि सरकार बदललं की खुर्चीवरचा माणूसही बहुतेक बदलतोच. काम काय, तर काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, ५३५ सदस्यांशी खात्याचं जमवून ठेवायचं, त्यांच्या पत्रांना उत्तरं, समित्यांपुढं मंत्र्यांची साक्ष असेल तर तयारी, नेमणुका नि करार सिनेटमधून पुढं सरकवणं असलं सगळं. डीन अचेसन १९४४-४५ मध्ये हेच काम बघत होते, पुढं १९४९ ला ते स्वतः परराष्ट्रमंत्री झाले.

पण असा माणूस त्यांना का लागतो? कारण तिकडं मंत्री काँग्रेसचा सदस्य असूच शकत नाही. आपल्याकडं बरोबर उलटं, मंत्री सभागृहाचा सदस्य नसला तर सहा महिन्यांत व्हावंच लागतं, नाहीतर पद गेलं. म्हणजे आमदारांना तोंड द्यायला मंत्री स्वतःच उभा असतो आणि अधिकारी त्याच्या मागं. म्हणून तू म्हणतेस तसं एकच पद इथं नाही, ते काम वाटलं गेलंय. अधिवेशनाचं सरकारी कामकाज संसदीय कार्य विभाग जुळवतो, विधेयकाचा मसुदा विधी व न्याय विभागातून जातो, आणि प्रश्नांची उत्तरं त्या त्या खात्याच्या डेस्कवर, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या टेबलावर, तयार होतात. खरी मजा (आणि खरी मारामारी) या डेस्कवर आहे.

समजा जत भागात म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी का पोचलं नाही म्हणून तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतो तो) लागला. जलसंपदाच्या डेस्कवरनं सांगलीच्या इंजिनियरला फोन, "माहिती आजच पाठवा," तिकडनं अर्धवट तक्ता येतो, परत फोन, मग मसुदा. प्रश्न ठरलेल्या भाषेत असतो, "हे खरे आहे काय?", शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तरंही ठरलेली, 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. वाचताना हसू येतं, पण त्या 'अंशतः' या एका शब्दावर कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंत फाईल वरखाली होते, कारण चुकीचं उत्तर गेलं तर सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग मंत्र्यावर येतो. छापील उत्तर झालं तरी सुटका नाही, सभागृहात आमदार उपप्रश्न विचारणार, त्यासाठी वेगळी टिपणी द्यायची आणि अधिकाऱ्यांच्या गॅलरीत फाईल मांडीवर घेऊन बसायचं, आकडा अडला की चिठ्ठी आत. मंत्र्यांनी जोशात "महिन्याभरात करतो" म्हटलं की ते झालं आश्वासन, त्याचा हिशेब पुढं आश्वासन समिती मागते. माझा मावसभाऊ मंत्रालयात आहे, हिवाळी अधिवेशनात नागपूरला गेला की घरच्यांचा फोनसुद्धा उचलत नाही.

आता तुझा रस्ता. एमपीएससीच्या गट ब परीक्षेतून सहायक कक्ष अधिकारी, पोस्टिंग मंत्रालयात, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असं वर चढत जायचं, वर्षं लागतात. दिल्लीला जायची तयारी असेल तर एसएससीच्या (केंद्राचा कर्मचारी निवड आयोग, दहावी नव्हे) सीजीएल परीक्षेतनं केंद्रीय सचिवालयात अशीच शिडी आहे. मसुद्यांची आवड असेल तर बीए झाल्यावर तीन वर्षांचं एलएलबी कर, माझं मत विचारशील तर हे करच, क्लासच्या दुसऱ्या बॅचपेक्षा बरं. आणि पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या संस्थेची 'लॅम्प' फेलोशिप बघ, त्यात एका खासदाराबरोबर काम करायला मिळतं, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या बाजूनं हेच सगळं दिसतं.

पप्पांशी भांडू नकोस, तलाठ्याचा फॉर्म भर, अभ्यास बराचसा तोच आहे. पण त्याआधी एक कर. विधानमंडळाच्या वेबसाईटवर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, त्यातनं सांगली जिल्ह्याचे दहा प्रश्न शोध, उत्तर झाकून ठेव आणि स्वतः लिहून बघ, मग प्रत्येकाला आमदार कुठला उपप्रश्न टाकेल तेही लिही. तिसऱ्या प्रश्नाला कंटाळा आला तर मला तसं सरळ कळव, दहाही झाले तर कागद घेऊन ये.