नवीन वेबसाईट गूगलवर वर यायला काय करावं लागतं?

महिना झाला तरी हळदीची साईट दिसत नाही म्हणताय, तर आधी सर्च कन्सोलमध्ये (साईटवाल्यांसाठी गूगलचं फुकट साधन) तुमच्या पानाची लिंक टाकून बघा, ते इंडेक्स झालंय का, म्हणजे गूगलच्या यादीत आलंय का. नसेल तर रँकिंग, म्हणजे निकालात वर येणं, लांबची गोष्ट आहे. साईट वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा, तिथे सर्च इंजिनला अडवणारी टिक असते, साईट बनवताना लावतात आणि काढायची राहून जाते, मी दोनदा बघितलंय हे. ती काढा, सर्च कन्सोलमध्ये साईटमॅप, म्हणजे साईटवरच्या पानांची यादी, द्या. आणि नुसत्या "हळद" शब्दामागे लागू नका हो, तिथे जुन्या मोठ्या साईट बसल्यात, "सांगलीची राजापुरी हळद घरपोच" असं काहीतरी नेमकं धरा, त्यावर स्वतःचे फोटो आणि भाव टाकून एक नीट पान करा. दुसऱ्या साईटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका विकत अजिबात घेऊ नका, गूगलच्या नियमात ते स्पॅम धरतात.