पौलाचा घोडा आला कुठून?

या वेळच्या पत्रांमधली बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतायत, सुरुवातीच्या शतकांतले ख्रिस्ती लोक, त्यांचे प्रवास आणि त्यातून त्यांना सापडलेलं (किंवा न सापडलेलं) स्वतःचं काहीतरी. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देऊन टाकला.

प्रश्न : दिमिष्काच्या (म्हणजे दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश चमकतो, ख्रिस्ती लोकांचा छळ करायला निघालेला शौल घोड्यावरून पडतो आणि उठतो तो एकदम पौल होऊनच. हे लहानपणापासून ऐकतोय. मी मात्र सहा वर्षं श्रद्धा आणि शंका यांच्यात हेलकावे खातोय, मला असलं काहीच होत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

आधी घोड्याचं बघू, कारण बायबलमध्ये घोडा नाहीच. खरंच नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात हा प्रसंग तीनदा येतो, अध्याय 9, 22 आणि 26, आणि तिन्हीकडे तो जमिनीवर पडतो एवढंच आहे, कशावरून पडला ते कुठेच नाही. घोडा दिला चित्रकारांनी, कारावाज्जोच्या चित्रात तर घोड्यानेच बरीचशी जागा खाल्लीये आणि पौल बिचारा खाली पडलाय. नावाचंही तसंच. त्या वाटेवर नाव वगैरे बदललं नाही, पुढे अध्याय 13 मध्ये सायप्रसला असताना जाता जाता लिहिलंय की शौल, ज्याला पौलही म्हणत. म्हणजे दोन्ही नावं त्याचीच.

आता मुद्द्याचं. अध्याय 9 मध्ये सोबतच्यांना आवाज ऐकू येतो पण कोणी दिसत नाही, अध्याय 22 मध्ये प्रकाश दिसतो पण आवाज ऐकू येत नाही. एकाच पुस्तकात, एकाच प्रसंगाचं असं होतं, कारण गोष्ट दरवेळी वेगळ्या लोकांपुढे सांगितली जातेय. आणि पौल स्वतः जेव्हा गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हे लिहितो तेव्हा ना वाट, ना प्रकाश, ना पडणं, तो फक्त म्हणतो की देवाने आपला पुत्र माझ्या ठायी प्रकट केला, मग मी अरबस्तानात गेलो, परत दिमिष्कला आलो, आणि तीन वर्षांनी यरुशलेमला जाऊन येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिलो. अरबस्तानात काय केलं? एक शब्द नाही. मला विचाराल तर खरा प्रवास तिथेच झाला असणार, पण त्याचं चित्र कोण काढणार. कृत्यांमध्येसुद्धा बघा, तो उठतो तेव्हा दिसतच नसतं, लोक हात धरून शहरात नेतात, तीन दिवस अन्न नाही पाणी नाही, मग हनन्या नावाचा तिथला शिष्य येतो. तुमची सहा वर्षं काही जास्त नाहीत हो.

प्रश्न : संत ऑगस्टिनचं 'कन्फेशन्स' हे आत्मकथन घेतलं वाचायला, पण दुसऱ्या भागातच अडकले. नासपती चोरल्या त्यावर इतकी पानं? आणि हे सगळं तो देवाला का सांगतोय, देवाला माहीत नाही का?

नासपतीवर माझीही चिडचिड झाली होती, खोटं कशाला बोलू. सोळा वर्षांचा पोरगा, मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची फळं पाडतो, नीट खातही नाही, डुकरांना टाकतो. पण त्याला छळतंय ते हे की घरी याहून चांगली फळं होती, भूक नव्हती, मग केलं कशासाठी? चोरीच आवडली म्हणून. आणि एकटा असतो तर केलं नसतं, हेही तो कबूल करतो. फळं निमित्त, माणूस स्वतःला उलटा करून झटकतोय.

देवाला माहीत नाही का, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो बरं का. पुस्तक देवाशी बोलणं आहे, आपण बाजूला उभं राहून ऐकतोय, म्हणून आधी परकं वाटतं. जन्म 354 चा, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्तचा. कार्थेजला शिकताना सिसेरोचं एक पुस्तक वाचून सत्याचं वेड लागलं, आणि ते वेड घेऊन गेला कुठे तर मानी पंथात (जग म्हणजे प्रकाश आणि अंधार यांचं युद्ध मानणारे लोक), तिथे जवळजवळ नऊ वर्षं. मग त्यांचा मोठा विद्वान फाउस्टस भेटला आणि कळलं की बोलतो गोड पण उत्तरं नाहीत. मग रोम (आई मोनिकाला बंदरावर फसवून, रात्रीतून जहाजात बसून!), मग मिलान, बिशप अँब्रोजची प्रवचनं, प्लेटोच्या परंपरेतली पुस्तकं, आणि 386 मध्ये तिथल्याच एका बागेत ते वळण. शेजारून लहान मुलाचा आवाज, उचल आणि वाच, आणि त्याने बायबलमधलं पौलाचं रोमकरांना लिहिलेलं पत्र उघडलं. पुढच्या ईस्टरला, 387 मध्ये, बाप्तिस्मा.

इथे एक मजा आहे. पुस्तक तो लिहायला घेतो 397 च्या आसपास, बिशप झाल्यावर, म्हणजे दहा वर्षं उलटून गेल्यावर. बागेनंतर लगेचच्या महिन्यांत त्याने जे संवाद लिहिले त्यात हा बागेचा सीनच नाही. याचा अर्थ खोटं लिहिलं असा मी तरी घेत नाही, पण आपल्याला वळण कुठे आलं हे मागे वळून बघतानाच दिसतं, चालताना नुसते पाय दुखत असतात.

मला न पटणारी गोष्टही सांगते. जिच्याबरोबर इतकी वर्षं राहिला, जी त्याच्या मुलाची आई, तिला आफ्रिकेला परत पाठवलं, आणि अख्ख्या पुस्तकात तिचं नाव नाही. मुलाचं आहे, अदेओदातुस. तिचं नाही.

अडकलात तर सरळ चौथ्या भागात जा, मित्र मरतो तिथे, तो लिहितो की मीच माझ्यासाठी मोठा प्रश्न होऊन बसलो. मग आठवा भाग वाचा, बागेचा. अकरावा काळ म्हणजे काय यावर आहे, तो घाईत वाचू नका, डोकं गरगरतं.

प्रश्न : या सगळ्या गोष्टी पुरुषांच्याच का? बायका कुठे जात नव्हत्या का?

जात होत्या आणि लिहीतही होत्या, जपून ठेवलं कमी. कार्थेजची पर्पेतुआ, वय बावीसच्या आसपास, कडेवर तान्हं बाळ, 203 मध्ये ख्रिस्ती म्हणून तुरुंगात होती आणि तिथलं स्वतः लिहिलेलं उरलंय. वडील श्रद्धा सोड म्हणून विनवण्या करतात तर ती एका भांड्याकडे बोट दाखवते, याला भांडं सोडून दुसरं काही म्हणता येईल का? नाही ना, मग मलाही मी जी आहे ते सोडून दुसरं काही म्हणता येत नाही, मी ख्रिस्ती आहे. विषय संपला.

दुसरी एगेरिया, माझी लाडकी. 381 ते 384 अशी पूर्वेकडे फिरली, यरुशलेम, सीनाय पर्वत, एदेसा, कॉन्स्टंटिनोपल, आणि घरच्या भगिनींना पत्रातून सगळं कळवत राहिली. सीनाय चढताना लिहिते की वाट गोल गोल नाही, भिंतीसारखी सरळ वर आहे आणि पायीच चढावं लागतं. प्रत्येक जागी पोचली की बायबलमधला तिथलाच उतारा वाचायला लावायची. हस्तलिखित 1884 मध्ये इटलीतल्या आरेझ्झोला सापडलं, सुरुवातीची आणि शेवटची पानं गायब.

प्रश्न : एवढं फिरायची गरज आहे का? घरी बसून होत नाही?

यावर तेव्हाही भांडणं होती. बिशप असलेला निस्साचा ग्रेगरी म्हणाला जागा बदलून देव जवळ येत नाही, मात्र हे यरुशलेम बघून आल्यावर. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोम म्हणाला स्वर्गाचा दरबार यरुशलेमहून आणि ब्रिटनहून सारखाच उघडा आहे, आणि स्वतः बेथलेहेममध्ये मुक्काम ठोकून बसला. इजिप्तच्या वाळवंटातला साधू अब्बा मोशे याचा सल्ला, जा, तुझ्या खोलीत बस, खोलीच सगळं शिकवेल. फक्त ती खोली वाळवंटात होती, तिथवर आधी चालत जावं लागायचं.

प्रश्न : 'मोत्याचं गीत' वाचलं. त्यातला मोती म्हणजे नेमकं काय?

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थोमाची कृत्ये नावाच्या, साधारण तिसऱ्या शतकातल्या पुस्तकात येशूचा शिष्य थोमा भारतात कैदेत असताना हे गातो. पूर्वेच्या राजाचा लहानगा मुलगा, त्याचा झगमगता झगा काढून घेतात आणि इजिप्तला पाठवतात, तिथे सापाजवळचा एक मोती आहे तो आण म्हणून. पोरगा तिथल्यांसारखे कपडे घालतो, त्यांचं अन्न खातो आणि विसरतो, मोती विसरतो, आपण कोणाचे तेही विसरतो, गाढ झोपतो. मग घरून पत्र येतं, गरुड होऊन उडत येतं आणि बोलायला लागतं. तो जागा होतो, बापाचं नाव घेऊन सापाला झोपवतो, मोती उचलतो, मळके कपडे तिथेच टाकून निघतो.

मोती म्हणजे आत्मा, असा अर्थ बरेच जण लावतात. चालेल. पण मला वाटतं गोष्टीत हरवलेला मोती नाहीच, तो सगळा वेळ जागच्या जागी आहे, हरवलाय तो मुलगा. म्हणून परतीच्या वाटेवर मोत्याचं फारसं वर्णन नाही, कवी थांबतो तो झग्यापाशी. लहानपणी काढून ठेवलेला, कसा दिसायचा तेही मुलाला आठवत नाही, आणि तो समोर येतो तेव्हा त्यात त्याला आरशासारखं स्वतःचंच रूप दिसतं. तेवढ्या ओळी पुन्हा एकदा वाचा, आणि झगा आधी बोलतो की मुलगा, ते मला कळवा.