मँडरिन मासा काहीच खात नाहीये, काय करू?

प्रश्न : नमस्कार, मी डोंबिवलीला राहतो. हॉलमधे ९० लिटरचा मरीन (खार्‍या पाण्याचा) टँक आहे, चार महिने झाले सेट करून, आत क्लाउन माशांची जोडी एकदम मजेत. गेल्या महिन्यात मँडरिन आणला, घरातले सगळे खूश. पण हा पेलेट (दाणेदार खाणं) खात नाही, फ्लेक्स खात नाही, फ्रोजन ब्राइन श्रिंप (बारीक कोळंबीसारखे जीव) नाकासमोरून वाहत गेलं तरी ढुंकून बघत नाही, नुसता दिवसभर दगडांना टोचत फिरतो. दुकानदार म्हणाला चार दिवस काहीच घालू नका, भूक लागली की झक मारत खाईल. आता पोट आत गेल्यासारखं वाटतंय.

उत्तर : अहो पहिलं म्हणजे तो उपास आजच बंद करा. भूक लागली की खाईल हे डॅमसेल माशाला चालतं, क्लाउनला चालतं, मँडरिन उपाशी मरेल पण बरेचदा पेलेटला तोंड लावणार नाही. दगडांना टोचतोय तेच त्याचं जेवण शोधणं आहे. हा मासा पश्चिम पॅसिफिकमधला, जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून खाली ऑस्ट्रेलियापर्यंत, शांत पाण्यातल्या प्रवाळाच्या तुकड्यांवरून हळूहळू सरकत तो डोळ्यांना जेमतेम दिसतील असे कोपेपॉड आणि अँफिपॉड (बारीक कवचधारी जीव, थोडक्यात पॉड्स) एकेक करून टिपतो, आणि हे दिवसभर चालू असतं. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाकलं की झालं, असं त्याचं पोटच नाही.

आता तुमच्याकडे काय झालंय बघा. चार महिन्यांच्या ९० लिटरच्या टँकमधे पॉड्स होतात, पण थोडे, आणि एक मँडरिन ते काही आठवड्यांत साफ करून टाकतो, म्हणून पहिले काही दिवस तो छान दिसतो आणि मग महिन्याभराने पोट आत जातं. मुरलेले लोक या माशाला २५०-३०० लिटरचा, भरपूर दगड असलेला, निदान वर्षभर जुना टँक लागतो म्हणतात ते उगाच नाही. दुकानात हे सांगायला हवं होतं, पण ते जाऊ दे.

रात्री लाइट बंद करून दोनेक तासांनी टॉर्च मारा काचेवर. पांढरे ठिपके टुणटुण पळताना दिसले तर पॉड्स आहेत, काच स्वच्छ दिसली तर संपलेत. मग माशाला वरून बघा, डोक्यामागे अंग दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखं आत गेलंय का, पाठीची रेघ वर आलीये का. तसं असेल तर मी सरळ सांगतो, प्रयोग करत बसू नका, ओळखीत कोणाचा मोठा जुना टँक असेल त्याला आजच देऊन टाका. त्यात कमीपणा काही नाही.

पण अजून अंगात जीव असेल, नजर फिरतेय, टोचे मारतोय, तर जिवंत खाणं द्यायचं, आणि तेही रोज. ब्राइन श्रिंपची अंडी मिळतात, लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, अर्धा चमचा अंडी, एअर पंपची नळी थेट तळाला आणि वर दिवा, आपल्याकडच्या २७-२८ डिग्रीला साधारण एका दिवसात पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी खाली बसतात, केशरी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, तिथूनच नळीने खेचून घ्या. टरफलं टँकमधे जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत. आणि पिल्लं निघाल्यावर पहिल्या काही तासांतच घाला, नंतर त्यांच्या अंगातला साठा संपतो आणि मासा नुसतं पाणी खाल्ल्यासारखं होतं.

सगळ्या टँकमधे ओतलं तर क्लाउन सगळं गट्ट करणार, मँडरिन तर खाताना विचार करत बसतो, एकेक दाणा दोन्ही डोळ्यांनी बघून घेतो आणि मग टिपतो. म्हणून टँकमधेच जाळीचा ब्रीडर बॉक्स लटकवा, मँडरिन त्यात ठेवा, पंप दहा-पंधरा मिनिटं बंद करा आणि पिपेटने त्याच्या पुढ्यात सोडा, दिवसातून तीन-चार वेळा. पिल्लांवर तुटून पडायला लागला की त्यातच थोडी फ्रोजन माशांची अंडी मिसळा, मग बारीक कापलेलं मायसिस (हेही कोळंबीसारखेच जीव), आणि जिवंत खाणं हळूहळू कमी. काही मासे शिकतात, काही शेवटपर्यंत शिकत नाहीत, आणि हे आधी सांगता येत नाही. लसणाचा रस वगैरे लोक सांगतात, मला त्याचा फार भरवसा नाही. शिकला की टँकच्या तळाला छोटी काचेची बाटली आडवी ठेवून खाणं त्यात सोडा, तो आपणहून आत जायला लागतो, क्लाउन सहसा तिकडे फिरकत नाहीत.

बरोबरीने पॉड्सची शेती करा, याशिवाय ९० लिटरमधे निभाव लागणं कठीण. टिस्बे जातीचे कोपेपॉड विकत मिळाले तर घ्या, ते दगडाला, काचेला चिकटून राहतात, म्हणजे याच्या टोचण्याच्या टप्प्यात येतात. दोन बरण्यांत खारं पाणी, अगदी हळू बुडबुडे, आणि फायटोप्लँक्टन (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ) इतकंच की पाणी फिकट हिरवं दिसावं. जास्त घातलं की पाणी सडतं. एक बरणी काढायची, दुसरी वाढू द्यायची. टँकच्या कोपर्‍यात बारीक दगडांचा ढीग करून ठेवा, फटीत मासा शिरत नाही आणि पॉड्सना वाढायला जागा राहते. मागे लटकवायचा रेफ्युजियम बॉक्स (पॉड्सना माशापासून सुरक्षित वाढायला वेगळा डबा) परवडला तर त्यात किटो शेवाळ टाका. फिल्टर सॉक (पाणी गाळायची पिशवी) असेल तर काढा, अर्धे पॉड्स त्यातच अडकतात. आणि सिक्सलाइन रासे मासा आणायचा विचार असेल तर विसरा, त्याचं जेवणही तेच आहे.

प्रश्न : आमचं घर रत्नागिरीत समुद्राजवळच आहे. किनार्‍यावरचे दगड आणि जाळीने गाळलेलं प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणलं तर मँडरिनचं खाणं फुकटात नाही का होणार?

उत्तर : प्रवाळ असलेला दगड तर अजिबात उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायद्यात ते संरक्षित आहे, गुन्हा होतो, मग तो मेलेला आहे म्हणा की वाहून आलाय म्हणा. प्लँक्टनमधे पॉड्स असतात हे खरं, पण बरोबर खेकड्यांची पिल्लं, हायड्रॉइड (डंख मारणारे बारीक जीव) आणि माशांवरचे परजीवी पण येतात, आणि पावसाळ्यात खाडीजवळचं पाणी किती गोडं झालंय याचा नेम नाही. ९० लिटरमधे एवढी रिस्क कशाला, विकतच्या पॉड्सची एक बाटली एकदा घ्या आणि वाढवा.

प्रश्न : मँडरिन इतका अवघड असेल तर त्याऐवजी सीहॉर्स घेऊ का?

उत्तर : नको. खाण्याच्या बाबतीत तो याच्याही वरचढ, आणि २००१ पासून तो आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे, दुकानात कोणी दाखवला तरी घेऊ नका. छोट्या टँकला शोभेचं काहीतरी हवं असेल तर टेलस्पॉट ब्लेनी मासा बघा, शेवाळ खातो, पेलेटही खातो आणि दगडाच्या भोकातून तोंड काढून बसतो.