टेन्शनने हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज खरंच वाढतं का?

वडिलांच्या अँजिओग्राफीत ४० टक्के ब्लॉकेज निघालं, डॉक्टर म्हणाले "टेन्शन घेऊ नका", आणि हे उगाच म्हणायची पद्धत आहे की त्यात तथ्य आहे, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, दोन स्टेंटवाला पेशंट आहे. पण हाच प्रश्न मलाही पडला होता.

तथ्य आहे. मला पटवलं ते माकडांनी. १९८०च्या दशकात अमेरिकेत संशोधक जे (Jay) कपलान आणि सहकाऱ्यांनी नर माकडांना कोलेस्टेरॉल वाढवणारं खाणं दिलं, सगळ्यांना सारखंच. काही टोळ्या होत्या तशा राहू दिल्या, काहींतली माकडं मात्र अधूनमधून बदलत राहिले. म्हणजे इथला दादा कोण, याची मारामारी दरवेळी पहिल्यापासून. जवळजवळ दोन वर्षांनी धमन्या तपासल्या, तर सगळ्यात वाईट अवस्था दबून राहणाऱ्यांची नव्हती. ती होती त्या ढवळलेल्या टोळ्यांतल्या दादांची! पुढे अशा माकडांना प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन या ताणाच्या संप्रेरकाचा हृदयावरचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तेव्हा दादांचं हे जादा नुकसान टळलं. म्हणजे सततच्या चढाओढीत अ‍ॅड्रेनॅलिनचा जो मारा होतो, तो धमन्यांना भोवत होता. (मीही ऑफिसात दादाच होतो. असो.)

माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. पण २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये २९३ जणांच्या स्कॅनचा अभ्यास आला. ज्यांच्या मेंदूतला भीती-ताणाचा भाग, अमिग्डला, जास्त सक्रिय होता, त्यांच्या धमन्यांना सूजही जास्त होती आणि पुढे हृदयाचा त्रासही त्यांनाच जास्त झाला.

हे झालं हळूहळू वाढणं. अचानकचा धक्का वेगळा. १७ जानेवारी १९९४ला पहाटे लॉस एंजेलिसला भूकंप झाला, त्या दिवशी हृदयविकाराने आकस्मिक मृत्यू २४. एरवी रोजचे सरासरी पाच. ब्लॉकेजचा थर ४० टक्केच असला तरी तो फाटून वर गुठळी होऊ शकते, म्हणून नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका.

माझ्या बाबतीत टेन्शनने आणखी एक केलं. झोप गेली, सिगारेट वाढली, गोळ्या चुकायला लागल्या. त्यामुळे वडिलांना "टेन्शन घेऊ नका" सांगत बसण्यापेक्षा त्यांची गोळ्यांची डबी एकदा उघडून बघा. माझ्या बायकोने माझी उघडली, तेव्हा आठवड्यातल्या चार दिवसांच्या गोळ्या तशाच पडलेल्या होत्या.