विठोबाचे कान भाजत नाहीत का?

चिऊ,

रविवारी तू विचारलंस ते अजून डोक्यातून जात नाही. माईआजी फोनवर म्हणाली होती, "मिरजेत ऊन नुसतं तळपतंय गं." संध्याकाळी भांडी घासताना मी सवयीनं 'सुंदर ते ध्यान' गुणगुणत होते. 'मकरकुंडले तळपती श्रवणी'ला तू मला थांबवलंस. "मग विठोबाचे कान भाजत नाहीत का?" मी हसले. तू नाही हसलीस. म्हणालीस, "आई, तुला अर्थ माहितीये, की नुसतंच म्हणतेस?"

नुसतंच म्हणते गं. निदान इतकी वर्षं म्हणत आले.

तुझ्याएवढी असताना तर मी 'मगरकुंडले' म्हणायचे. बंडूमामा त्यावरून मला मगर म्हणून चिडवायचा. नाना गालात हसायचे, पण सुधारायचे नाहीत. पुढे कळलं की फारसं चुकलं नव्हतंच. मकर हा मगरीसारखाच कुठलासा जलचर, आणि पंढरपूरच्या मूर्तीच्या कानात माशांच्या आकाराची कुंडलं आहेत. आम्हाला अर्थ कुणी सांगितला नाही, आम्ही विचारलाही नाही. तेच बरं होतं असं मी म्हणत नाही. तू विचारतेस हे मला आवडतं. जरा टोचतंही.

'तळपती' मात्र मला कळत होतं, हे आता आठवतंय. शनिवारी माई देवघरातलं सगळं पितळ चिंचेनं घासायची. संध्याकाळी हमखास वीज गेलेली, समईची एकच वात. आपला तो वीतभर विठोबा, घासून घासून नाक सपाट झालेला, त्याच्या कानाशी उजेडाचा एक ठिपका असायचा. वात हलली की तो पळायचा, मावळायचा, पुन्हा दुसऱ्या कानाशी उगवायचा. शुभंकरोति सोडून मी त्याच्याकडेच बघत बसायचे आणि माईचा धपाटा खायचे.

तळपणं म्हणजे ते. नुसतं चमकणं नव्हे. तलवार म्यानात तळपत नाही, उगारली की तळपते. वीज तळपते. हल्ली आपण तो शब्द उन्हाला लावून मोकळे होतो, म्हणून तुला कान भाजल्यासारखे वाटले. पण तुकोबांचा विठोबा तर कर कटेवरी ठेवून स्तब्ध उभा. मग कुंडलं तळपली कशी? त्यांनी ती दिव्याच्या हलत्या उजेडात पाहिली असणार, असं मला वाटतं. बाबा म्हणतो, तू मिरजेची समई उचलून तुकोबांच्या हातात देतेयस. असेलही.

तुझ्यामुळे बाकीच्या ओळीही तपासत बसले. गणपतीच्या आरतीतलं 'कंठी झळके माळ' सोपं आहे. पण ज्ञानेश्वरांच्या अभंगात 'रत्नकीळ फांकती प्रभा' येतं. ते मी कितीतरी वर्षं आशाबाईंच्या मागोमाग म्हणतेय, आणि 'कीळ' म्हणजे रत्नातून फुटणारी तेजाची तिरीप, हे मला या मंगळवारी कळलं! ज्ञानेश्वरी १२९० सालची, त्या काळातला हा शब्द. मी तो खीळ समजून रत्नांचे खिळे ठोकत होते. बंडूमामाला हे सांगू नकोस.

तू अभंग पाठ करावास म्हणून हे लिहीत नाहीये. खरंच नाही. (थोडंसं असेलही, पण ते माझं मी बघेन.) विचारलंस आणि मी हसून टाळलं, ते मनाला लागून राहिलं, एवढंच.

काल संध्याकाळी तू सायकल वळवून घराकडे आलीस. ऊन तिरपं होतं आणि चाकाच्या तारा फिरता फिरता एकेक करून पेटत होत्या. शब्द अगदी ओठांवर आला होता. तू विचारलंस, "काय बघतेयस?" मी म्हटलं, "चाक किती चमकतंय."

– आई