मी बनवतोय त्या आरपीजीमधल्या (रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममधल्या) शहराच्या सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात, प्लेयर हरवतो, काय करू?

भावा, घरं ठेवायच्या आधी हे शहर इथंच का वसलं ते ठरव, म्हणजे पाणी कुठनं येतं, गड कुठंय, बाजार कुठं भरतो, बाकीचे रस्ते मग त्यातनंच निघतात. मी साताऱ्याचा, त्यामुळं माझ्या डोक्यात पहिला येतो तो अजिंक्यतारा. शहरात कुठंही उभा राहा, मान वर केली की बहुतेक ठिकाणी किल्ला दिसतो आणि दक्षिण कुठं ते कळतं, मिनीमॅप (स्क्रीनच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा) लागतच नाही. तुझ्याही शहराला असं एक उंच काहीतरी दे, आणि ते मुख्य चौकांतनं दिसतंय का ते कॅमेरा प्लेयरच्या उंचीवर ठेवून बघ, वरनं बघून काही कळत नाही.

दुसरं म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्यावरनं राजवाड्याकडं जायला वरचा रस्ता आहे आणि खालचा पण आहे, मधे त्यांना जोडणारे बोळ. असा लूप असला की प्लेयरला आल्या वाटेनं परत यावं लागत नाही. डेड एंड ठेवलाच तर टोकाला खजिना नायतर बोलणारं कॅरेक्टर पायजेच.

साइज खऱ्या शहराएवढी अजिबात नको, खरी पेठ चालायला दहा मिनिटं लागत असतील तर गेममध्ये मिनिटभर बास. आधी नुसत्या करड्या ठोकळ्यांचा मॅप करून पळून बघ, टेक्श्चर (भिंती-रस्त्यांवरचं रंगकाम) नंतर. प्रत्येक पेठेला मात्र वेगळा धंदा दे, तांबटांची आळी असेल तर ठोकायचा आवाज वळणाच्या आधीच ऐकू आला पायजे.